जहाज छाप

बंगळूरची ही पोस्टिंग बहुधा माझी शेवटची. पेन्शनला थोडेच महिने उरलेत, त्यामुळे घरात सामानाची छाटणी सुरू झाली आहे. दर बदलीत काळ्या ट्रंका वाढत जातात, आणि फौजी माणसाच्या बायकोला त्यांचा हिशेब तोंडपाठ असतो. मागच्या रविवारी सौभाग्यवतींनी सात नंबरची ट्रंक उघडली आणि विचारलं, "ह्या काड्यापेट्यांच्या कागदांचं काय करायचं ते एकदा ठरवा."

त्या ट्रंकेत माझे तीन अल्बम आहेत. नाव अल्बम, पण खरं तर जुनी रजिस्टरं. त्यांत काडेपेट्यांचे छाप चिकटवलेत, हजाराच्या वर भरतील.

हे वेड माणदेशातलं. आमच्या लहानपणी, म्हणजे 1986-87 च्या सुमाराला, गावात पोरांच्या हातात पैसा नव्हता. चलन होतं ते छापांचं. रिंगण आखायचं, मधोमध छापांची चळत ठेवायची, लांबून ठिकरी मारायची. जेवढे छाप रिंगणाबाहेर उडतील तेवढे आपले. प्रत्येक छापाला भाव होता आणि तो आम्हीच ठरवलेला. गावच्या दुकानात मिळत नसलेला, कुणाच्या तरी मुंबईच्या मामानं आणलेला छाप असला की त्याला दहा-दहा साधे छाप मोजायला लागायचे. सगळ्यांत हलका होता जहाज छाप. कारण तो घरोघरी होता. विम्को कंपनीची ती पेटी. कंपनी 1923 सालची, कारखाना आपल्या अंबरनाथला. पण आम्हाला अंबरनाथ कुठं माहीत? आम्हाला एवढंच माहीत की आबांच्या खिशात बिडीबंडलाबरोबर जहाज असतं आणि पेटी संपली की छाप माझा.

तेव्हाची पेटी लाकडाच्या पातळ पापुद्र्याची असायची. वरचा कागद खळीनं डकवलेला. कोमट पाण्यात पेटी भिजवायची, कागद सुटला की सावकाश ओढायचा, वर्तमानपत्रावर पसरायचा, मग आजीच्या पोथीखाली दाबून ठेवायचा. घाई केली की कागद फाटलाच. दादा घाई करायचा, म्हणून हे काम माझ्याकडे होतं. पुढं पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या, त्यांवर चित्र थेट छापलेलं. सोडवायला कागदच राहिला नाही, कात्रीनं वरची बाजू कापून घ्यायला लागली.

भरती झालो आणि एएससीत आलो, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअर. आमचं काम जवानाला शिधा पोचवायचं. आटा, डाळ, तेल, केरोसीन आणि काडेपेटी. लहानपणी एकेका पेटीची वाट बघणारा मी, आता गठ्ठेच्या गठ्ठे मोजून घेत होतो. सप्लाय डेपोतल्या त्या पहिल्या दिवशी मला उगीच हसू आलं होतं. सोबतच्या हवालदारांनी विचारलं, काय झालं रे? काय सांगणार!

तेव्हापासून एक नेम केला. ज्या गावी पोस्टिंग, तिथल्या बाजारातली एक तरी पेटी घ्यायची, छाप काढायचा आणि मागं गाव, महिना, साल लिहायचं. बरेली. तेजपूर. जोधपूर. लेह. चेन्नईत तर विम्को नगर नावाचं अख्खं ठिकाणच भेटलं, आता तिथं मेट्रोचं स्टेशनही आहे. गंमत अशी की छाप कुठलाही असो, पेटी उलटी केली की बहुतेक वेळा पत्ता निघायचा तमिळनाडूचा. शिवकाशी, सातूर, कोविलपट्टी, गुडियात्तम. लहानपणी आजीला वाटायचं की शिवकाशी म्हणजे काशीजवळचंच एखादं क्षेत्र. ती पेटी पायाला लागू द्यायची नाही.

ह्या गावांची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली. तिथं काड्या भरायला, कागद डकवायला लहान मुलं होती. 1996 साली सुप्रीम कोर्टानं शिवकाशीच्या बालमजुरीवर निकाल दिला तेव्हा मी शाळेत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. पुढं वाचलं आणि अल्बम काही दिवस उघडवेना. आम्ही रिंगणात उडवत होतो त्यातले काही छाप आमच्याच वयाच्या हातांनी डकवलेले असणार. हे लिहायचं टाळलं असतं तर आठवणी गोड राहिल्या असत्या, पण अर्ध्याच राहिल्या असत्या.

असो. सौभाग्यवतींचा प्रश्न तसाच होता. तेवढ्यात चिरंजीवांनी मोबाईल पुढं केला. "पप्पा, बघा. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची चित्रं विकतात. एक कार्ड 126 लाख डॉलरला गेलं." 2022 सालची बातमी. मिकी मँटल नावाच्या खेळाडूचं 1952 चं कार्ड, टॉप्स कंपनीचं. त्या वेळच्या दरानं सुमारे 100 कोटी रुपये. त्याच वर्षी होनस वॅगनर नावाच्या खेळाडूचं एक कार्ड 72 लाख 50 हजार डॉलरला गेलं. ते 1909 ते 1911 च्या काळात सिगारेटच्या पाकिटातून निघायचं. म्हणजे त्यांच्याकडं सिगारेटच्या पाकिटातलं चित्र, आपल्याकडं बिडीच्या पेटीवरचं. पोरगं म्हणालं, "तुमचे हजार आहेत. किंमत तर काढा."

खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं. पोराच्या इंजिनिअरिंगची फी समोर दिसतेय. तिन्ही अल्बम पिशवीत घातले, आग्रामहून बस धरली आणि चिकपेटच्या गल्ल्यांत गेलो. तिथं जुनी नाणी, तिकिटं, पोस्टकार्डं विकणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. कन्नड वळणाची हिंदी बोलतात. त्यांनी चष्मा लावला, पहिलं रजिस्टर अर्धा तास बघितलं, मला कॉफी पाजली. मग म्हणाले, "सर, ये सब कॉमन है." परदेशात आपल्या बाजारासाठी छापलेले देवादिकांचे जुने छाप असते, जपानचे, स्वीडनचे, तर बोलता आलं असतं. हे मात्र लाखांनी छापलेले. त्यात मागं पेनानं लिहिलेलं, म्हणजे भाव आणखी उतरला. तिन्ही रजिस्टरांचे त्यांनी जे पैसे सांगितले त्यात आम्हा तिघांचं एक वेळचं जेवण झालं असतं, तेही साध्या दर्शिनीत उभ्यानं.

मी हसलो. पण आत कुठंतरी लागलं, हेही खरं.

परतीच्या बसमध्ये पोरगं त्या अमेरिकन कार्डांचंच वाचत होतं. 1952 च्या मालिकेचा विकला न गेलेला माल कंपनीनं 1960 मध्ये म्हणे समुद्रात नेऊन टाकला. उरली ती थोडी, म्हणून महाग. मग ऐंशीच्या दशकात लोकांना वाटलं, कार्डं म्हणजे सोनं. सगळ्यांनी जपून ठेवली, कंपन्यांनी वारेमाप छापली आणि त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज कुणी विचारत नाही. म्हणजे लोकांनी फेकलं ते महाग झालं आणि जपलं ते मातीमोल. आमच्या रिंगणातला हिशेब वेगळा नव्हता. जहाज स्वस्त, कारण ते सगळ्यांकडं होतं.

पण एक गोष्ट त्या हिशेबात बसत नाही. दहा छाप मोजून घेतलेला तो मुंबईचा छाप आज अल्बमात आहे, आणि त्यावर कसलं चित्र होतं हे बघितल्याशिवाय मला आठवत नाही. जहाज मात्र डोळे मिटले तरी दिसतं. ते आबांच्या खिशात होतं, चुलीशेजारच्या कोनाड्यात होतं, देवापुढच्या निरांजनाशी होतं, लाइट गेली की आई अंधारात हातानं चाचपडून जी पेटी शोधायची ती तीच होती. दुर्मिळ छाप आमच्या घरात कधी राहिलाच नाही, तर त्याला आमच्या घराचं काय माहीत असणार?

आबा गेले तेव्हा मी लडाखमध्ये सप्लाय पॉइंटवर होतो. जानेवारी महिना. झोजिला बंद. तिथं उंचीवर हवा विरळ, काडी पेटली तरी ज्योत मरगळलेली, त्यात वारा. एका स्टोव्हला कधी कधी चार-पाच काड्या जायच्या. युनिटला निरोप आला, साहेबांनी लगेच रजा दिली, पण हवामान खराब म्हणून लेहहून विमान उडेना. घरी पोचलो तो नवव्या दिवशी. दादानं सगळं केलं होतं. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. दहाव्याच्या आदल्या रात्री आईनं आबांचा सदरा पुढं ठेवला. खिशात अर्धं बिडीबंडल आणि काडेपेटी. जहाज छाप. आत अकरा काड्या.

त्या पेटीचा छाप मी काढला नाही. ती तशीच तंबाखूच्या डब्यात घालून त्याच ट्रंकेत ठेवली आहे. चिकपेटला नेली नव्हती.

लहानपणी पंचवीस पैशांना मिळणारी पेटी 1995 ला पन्नास पैशांची झाली, 2007 ला रुपयाची आणि 1 डिसेंबर 2021 पासून दोन रुपयांची. चौदा वर्षं भाव न वाढलेली दुसरी वस्तू माझ्या सप्लायच्या नोकरीत मी पाहिली नाही. आता घरात गॅसला लायटर आहे आणि काडेपेटी लागते ती देवघरात. स्वस्तातल्या लायटरनी काडेपेटीवाल्यांचा धंदा बसायला लागला म्हणून 2023 मध्ये सरकारनं वीस रुपयांखालच्या लायटरची आयात बंद केली. आज कॉमन आहे ते उद्याही कॉमन राहीलच असं नाही. पण मी काही त्यासाठी थांबलेलो नाही.

संध्याकाळी दादाला फोन केला. छापांचं सांगितलं, किंमत सांगितली. तो खूप हसला. मग म्हणाला, "त्यातले निम्मे माझे आहेत. ठिकरी माझी चांगली होती, तू नुसता कागद सोडवायचास." खरं आहे. मी म्हणालो, पेन्शनवर आलो की वाटून घेऊ. "वाटायचं कशाला," तो म्हणाला, "माझ्याकडं ठेवायला जागा नाही. तुझ्याकडंच राहू दे, मी येऊन बघीन." आबांनंतर इतक्या वर्षांत तो आपणहून "येईन" म्हणाल्याचं मला आठवत नाही.

सौभाग्यवतींना हे सांगितलं. त्यांनी तिन्ही रजिस्टरं जुन्या चादरीत गुंडाळली, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातला आणि ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं पुन्हा सात नंबर घातला. दुसऱ्या दिवशी चिरंजीव कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन रुपयांची पेटी घेऊन आले. छाप त्यानंच कापला. मागं मी लिहिलं, "बंगळूर", महिना आणि साल. पेनानंच.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर असं काही असेल, बिनकिमतीचं. टाकायच्या आधी भावाला किंवा बहिणीला एक फोन करून बघा.

जय हिंद.