पेट्रोल कुठं थांबतं

स्कूटर बंद पडली की माणूस किक मारतो. लागली नाही की आणखी जोरात मारतो, चोक ओढतो, पुन्हा मारतो. पेट्रोलचा वास नाकात भरलेला असतो, तरी पाय थांबत नाही. वास आला की आधी थांबायचं आणि पेट्रोलचा कॉक बंद करायचा. इंजिनाला पेट्रोल कमी पडलेलं नाही, जास्त झालंय, म्हणजे गाडी ‘ओव्हर’ झालीय. चोक ओढून आपण त्यात भरच घालत असतो.

०

हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ठिणगीनं पेट घेते. कमी असली तरी नाही, जास्त असली तरी नाही. त्यात प्लग ओला. टोकाशी तेलकट काजळी साचली असेल तर वीज तिच्यातूनच निसटून जाते, ठिणगी पडतच नाही.

०

हे सगळं जळकोटसारख्या गावासाठी. जळकोट नळदुर्गच्या पुढं, उमरग्याच्या वाटेवर. पुणे–हैदराबाद महामार्ग गावावरूनच जातो. नव्या गाड्या भरधाव निघून जातात. पण शेताची, बाजाराची, दुधाची कामं अजून बऱ्याच घरांत जुनी गाडीच ओढते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, नव्या स्कूटरींना फ्युएल इंजेक्शन आलं आणि कार्बोरेटर मागं पडला. त्याआधीच्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, आणि त्या नीट चालाव्यात असं मला मनापासून वाटतं. घरातली चालती गाडी म्हणजे वेळेवर गाठलेला दवाखाना.

०

गाडी झुकवायची सवय. चेतक स्कूटर १९७२ साली आली. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार व्हायची. या गाड्या ज्यांच्या घरी होत्या त्यांना आठवत असेल, सकाळी गाडी अंगावर घेऊन एका बाजूला झुकवायची, क्षणभर तशीच धरायची, सरळ करायची आणि मग किक. यात अंधश्रद्धा काही नव्हती. गाडी कलली की कार्बोरेटरमधला तरंगता फ्लोट जागचा हलतो, पेट्रोलची पातळी बिघडते आणि थोडं जास्तीचं पेट्रोल इंजिनाच्या वाटेला लागतं. थंडीत त्याचा उपयोग व्हायचा. पण जी गाडी आधीच ओव्हर झालीय तिलाही लोक सवयीनं झुकवतात. तिथं तोच उपाय रोग वाढवतो.

०

कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल ठरावीक पातळीलाच थांबलं पाहिजे. घराच्या टाकीतला बॉलकॉक पाणी थांबवतो, तसंच हे काम आहे. वाटी भरत आली की फ्लोट वर उचलला जातो, तो निडलला, म्हणजे बारीक कांडीला, वर ढकलतो, निडल पेट्रोलच्या वाटेच्या तोंडावर, म्हणजे सीटवर, बसते आणि वाट बंद. खाली टेकू फक्त फ्लोटच्या तरंगण्याचा. इतक्या हलक्या जोरावर टाकीतलं सगळं पेट्रोल अडून राहतं, हे मला दर वेळी नवलाचं वाटतं.

०

एकदा गाडी दुरुस्त करताना मिस्त्रीनं निडल काढून माझ्या तळहातावर ठेवली. नखाएवढी पितळी कांडी, टोकाला काळं रबर. “उजेडात धरा. टोकाला कडं दिसतंय का बघा.” दिसलं. टोकाच्या उतारावर केसाइतकी बारीक खाच गोल फिरली होती. वर्षानुवर्षं सीटवर आपटून पडलेली. खडबडीत रस्त्यावर निडल सारखी थरथरते, आणि नेमकी त्याच जागी झिजते. ती खाच म्हणजे पेट्रोलला सापडलेली फट. पॉलिश पेपरनं टोक घासून बघतो म्हणणारे भेटतात. घासू नये. उतार बिघडला की ती कुठल्याच सीटवर बसत नाही. नवी निडल घ्यावी, आणि सीट खोलून निघत असेल तर तीही बदलावी.

०

दर वेळी निडल झिजलेलीच असते असं नाही. टाकीतल्या गंजाचा एक कण निडल आणि सीटच्या मध्ये अडकला तरी वाट उघडी राहते. वाटेत असं झालं तर कार्बोरेटरला, जिथं फ्लोट आहे तिथं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोकावं. कण सुटला तर गळती थांबते आणि घरापर्यंत जाता येतं. पण कण आला म्हणजे मागं टाकीत अजून आहेत. म्हणून टाकी धुवून घ्यावी आणि कॉकची जाळीही बघावी.

०

फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत खुळखुळ झाली की तो फुटलाय, पेट्रोल पिऊन जड झालाय, आता वर येणार नाही. पितळी फ्लोट असेल तर गरम पाण्यात बुडवावा. भोक असेल तिथून बुडबुडे येतात. फ्लोटची पिनही बघावी. ती वाकली की सगळं ठीक असूनही फ्लोट अडकून राहतो.

०

निडल धरते की नाही, हे गाडी सुरू न करता कळतं. वरच्या झाकणाला फ्लोट असेल तर झाकण उलटं धरायचं, म्हणजे फ्लोटच्या वजनानं निडल बसते. पेट्रोल येतं त्या नळीला स्वच्छ रबरी नळी लावून तोंडानं हलकेच फुंकायचं. हवा गेली नाही पाहिजे. बोटानं फ्लोट उचलला की गेली पाहिजे.

०

मिक्श्चर स्क्रूला हात सगळ्यांत शेवटी लावायचा. गाडी ओव्हर होते म्हणून आल्याआल्या स्क्रू फिरवणारे आहेत. त्या स्क्रूचा संबंध गाडी हळू चालू असतानाच्या मिश्रणाशी. बंद गाडीतून पेट्रोल गळत असेल तर त्याचा काय दोष? मूळ जागा सापडली नाही आणि वर स्क्रूची आधीची खूणही गेली, असं होऊन बसतं.

०

खाली टांगलेली वाटी असलेल्या कार्बोरेटरातून पेट्रोल बाहेर ठिबकतं, जमिनीवर डाग दिसतो. चेतकच्या जातीच्या गाडीत कार्बोरेटर इंजिनावर डब्यात बसवलेला असतो. तिथं गळती बाहेर दिसायच्या आधी आत उतरते, क्रँककेसमध्ये. रात्री कॉक उघडा राहिला तर सकाळी किक दगडासारखी लागते. तेव्हा जोर करू नये. कॉक बंद, प्लग बाहेर, ॲक्सिलेटर पूर्ण पिळून सावकाश किक मारत आतलं पेट्रोल बाहेर काढावं. प्लगची टोपी प्लगच्या भोकापासून लांब ठेवावी आणि इग्निशन बंद. भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, एक ठिणगी पुरते. काडी पेटवून प्लग वाळवणारेही पाहिलेत. गाडीजवळ असं करू नका, एवढंच कळकळीचं सांगणं आहे.

०

गिअर नसलेल्या अनेक स्कूटरींत हातानं बंद करायचा कॉकच नसतो. इंजिनाच्या ओढीवर तो आपोआप उघडतो. त्यातला रबरी पडदा फाटला की पेट्रोल ओढीच्याच नळीतून थेट इंजिनात जातं. निडल बदलली, फ्लोट बदलला, तरी गाडी ओव्हरच. ती बारकी नळी काढून बघावी. आतून ओली असेल तर रोग तिथं आहे.

०

प्लग ओला म्हणजे कार्बोरेटरच, असंही धरून चालू नये. ठिणगी कमजोर असली तर योग्य तेवढं पेट्रोलसुद्धा न जळता प्लगवर बसतं. जुन्या गाडीत इग्निशनचे पॉइंट झिजले की नेमकं हेच होतं. कॉक बंद केल्यावर सुकलेला प्लग लावून गाडी सुरू झाली, चांगली चालली आणि कॉक उघडून थोड्या वेळानं पुन्हा घोटाळली, तर कार्बोरेटर उघडावा. नाहीतर आधी ठिणगी बघावी.

०

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. लांबून आलेली गाडी उन्हात उभी केली की इंजिनाच्या धगीनं वाटीतलं पेट्रोल उकळून वर येतं. दहा मिनिटांनी किक लागत नाही आणि सावलीत अर्धा तास ठेवल्यावर लागते. ही गाडी खोलू नये.

०

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही उसापासून येतं, आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातही ऊस आहेच. शेतकऱ्याला त्याचे दोन पैसे मिळावेत, त्याबद्दल दुमत नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाडीचं रबर या मिश्रणासाठी बनवलेलं नाही. ते फुगतं, निडलचं टोक चिकटतं आणि वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी धरते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावी, म्हणजे वाटी रिकामी होते. नवी निडल घेताना इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्यावं.