दोन वायरी

परवा नातवाने घरच्या सर्व्हरपासून स्विचपर्यंत एकाऐवजी दोन इथरनेट वायरी टाकल्या. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा आवाज आता त्या सर्व्हरवरच्या व्हिडिओंतच काय तो उरलाय. ह्या जोडणीला म्हणे लिंक ॲग्रिगेशन म्हणतात. २००० साली त्याचं प्रमाण ठरलं, ८०२.३एडी.

"म्हणजे दुप्पट वेग?"

"नाही गं आजी. एक कॉपी एकाच वायरीने जाते, नाहीतर पॅकेटांचा क्रम चुकेल. बरेच जण एकदम बघत असतील तर काम वाटलं जातं."

मग हा खटाटोप कशाला, असं म्हणेपर्यंत त्याने चालू व्हिडिओत एक वायर उपटली. ह्यांचा आवाज जरासा अडखळला नि पुढे सुरू झाला. माझाच श्वास अडकला होता!

"पण डिस्क एकच ना रे? आधी तिची दुसरी प्रत काढ."