वेताळ टेकडीच्या पोटातलं पाणी

मार्चमध्ये पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, इथे आहे तरी काय? गवत वाळून पिवळं पडलेलं, कुसळं पायमोज्यांत घुसलेली, बहुतेक झाडं निष्पर्ण. पण त्याच उघड्या फांद्यांवर गणेराची पिवळीधमक फुलं उमललेली असतात आणि पानांचा आडोसा नसल्यामुळे दुरूनही ओळखू येतात. गणेर, सालई, मोई, पांगारा ही या खडकाची जुनी माणसं. पाऊस सरला की पानं गाळायची आणि खडकाच्या फटींतल्या ओलीवर पुढचे महिने काढायचे, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. वाळल्या गवतातून चंडोल गात वर चढतो, खालच्या झुडपांत मोर ओरडतो. उन्हाळ्यातलं हे कोरडं, मोकळं रूप मला पावसाळ्यातल्या हिरव्यापेक्षाही प्रिय आहे.

आपल्याला मात्र हिरवं दिसलं तरच निसर्ग भेटल्यासारखं वाटतं. त्याच हौसेनं इथे उंदीरमारी लावली गेली. फेब्रुवारीत तिचा गुलाबी बहर देखणा दिसतो, पण तिच्या दाटीखाली मूळचं गवत विरळ होतं आणि गवतावर जगणाऱ्या पाखरांची जागा जाते. उघडं माळरान म्हणजे पडीक जमीन, हा समज झाडं लावणाऱ्यांच्या मनात होता. आता टेकडीतून रस्ता आखणाऱ्यांच्या मनातही तोच आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा हा माथा शहरातला सर्वांत उंच. वर वेताळाचं देऊळ, जवळ पाण्यानं भरलेली जुनी दगडाची खाण, आणि हवा स्वच्छ असेल तर समोर सिंहगड. पायथ्याला गोखलेनगर, पाषाण, पंचवटी, कोथरूड. पहाटे या सगळ्या बाजूंनी माणसं वर येतात. काहींच्या हातात पाण्याचे कॅन असतात. रोपं कुणी लावली ते न विचारता उन्हाळाभर त्यांना पाणी घालणारे आजी-आजोबा या टेकडीला भेटले आहेत. पुण्यात ‘टेकडीवर जातो’ म्हटलं की कुठल्या, हे घरच्यांना सांगावं लागत नाही.

आता या टेकडीतून बालभारती ते पौड फाटा असा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता आणि पंचवटीकडून पलीकडे निघणारे बोगदे प्रस्तावित आहेत. बोगद्यांच्या बाजूनं एक युक्तिवाद हमखास होतो : आम्ही खालून जाऊ, वरचं झाडही हलणार नाही. ऐकायला तो समंजस वाटतो. पण टेकडी म्हणजे फक्त तिचा माथा नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा खडक घडला. त्यातले काही थर घट्ट, काही सच्छिद्र, भेगाळलेले. पावसाचं पाणी गवताच्या मुळांशी रेंगाळतं, भेगांतून उतरतं, सच्छिद्र थरात साठतं आणि सावकाश पायथ्याच्या विहिरी-बोअरवेलकडे सरकतं. या थरांना आरपार छेदणारा बोगदा पाण्याची वाट बदलू शकतो. उन्हाळ्यात टँकरच्या रांगा पाहणाऱ्या शहरानं हा धोका तरी नीट मोजायला हवा.

हा रस्ता ज्यासाठी हवा म्हणतात, ती लॉ कॉलेज रस्त्यावरची संध्याकाळची कोंडी खरी आहे. त्यात अडकलेल्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकून माझाही जीव कासावीस होतो. पण नवा रस्ता नवी वाहनं बोलावून आणतो, हे पुण्यानं प्रत्येक उड्डाणपुलाखाली पाहिलं आहे. वेळेवर येणारी बस आणि चालता येईल असा पदपथ यांवर एवढ्याच आग्रहानं पैसा लावून पाहिलेला नाही. त्याआधीच डोंगर फोडायची घाई कशाला?

एप्रिल २०२३मध्ये टेकडी वाचवण्यासाठी पुणेकरांनी मोर्चा काढला. रोज वर चढणाऱ्या माणसांना त्या दिवशी टेकडीसाठी रस्त्यावर उतरावं लागलं. त्यांचं म्हणणं मला पटतं : आधी भूजलाचा आणि वाहतुकीचा अभ्यास स्वतंत्र तज्ज्ञांकडून करून घ्या, तो लोकांपुढे मराठीत ठेवा, पर्याय तपासा. तोवर इथे यंत्र आणू नका.