हिशेब लिहावा आपण, तपासावा दुसऱ्याने

पैशाच्या बाबतीत आपली ख्रिस्तसभा सावध आहे. एकाने लिहिलेला हिशेब दुसऱ्याने तपासल्याखेरीज तो पुरा झाला असे आपण मानत नाही. 1983 सालच्या धर्मसंहितेने तर प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक केले आहे. धर्मगुरू कितीही प्रामाणिक असो, वह्या चार डोळ्यांखालून गेल्याच पाहिजेत. यात कोणाला अपमान वाटत नाही. मग जी सेवा आपण प्रभूच्या नावाने करतो, तिचा हिशेब मात्र आपला आपणच लिहावा, आपणच तपासावा आणि आपणच त्यावर सही करावी, असे का?

सेमिनरीत आम्हांला रोज रात्री आत्मपरीक्षण करण्याची सवय लावली गेली. संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली ही पद्धत पाच पायऱ्यांची आहे: प्रथम देवाचे आभार, मग प्रकाशाची याचना, त्यानंतर दिवसाचा आढावा, पुढे क्षमायाचना आणि शेवटी सुधारणेचा निश्चय. एखादा विशिष्ट दोष घालवायचा असेल, तर तो दिवसभरात किती वेळा घडला हे रेघेवर ठिपके मांडून मोजावे, इतका बारकावा त्यांनी सांगितला आहे. धर्मगुरू म्हणून इतकी वर्षे काढल्यावर मला त्या पाच पायऱ्यांतील दुसरी पायरी सर्वांत मोलाची वाटते. दिवसाकडे नजर टाकण्यापूर्वीच आपण प्रकाश मागतो. म्हणजे आपली दृष्टी अपुरी आहे हे आधीच कबूल करतो.

तरीही आत्मपरीक्षणाला पर्याय नाही. आपले काम लोकांना दिसते. त्या कामामागचा हेतू देवाला आणि काही अंशी आपल्यालाच दिसतो. प्रवचन प्रभूसाठी केले की वाहवेसाठी, हे बाहेरून कोण सांगणार? सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड मागे पडले की केडगाव स्थानक येते. तेथील मुक्ती मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यात आले. देशविदेशांत त्यांचे नाव झाले. आणि अशा वेळी, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला असला तरी ख्रिस्त सापडलेला नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. 1907 साली त्यांनी ते जगापुढे मांडले. संस्था भरभराटीला येत असताना हे त्यांना दुसरे कोणी सांगू शकले नसते. अंतरात डोकावण्याचे धैर्य होते म्हणूनच ते त्यांना दिसले.

परंतु आत्मपरीक्षणाची धाव कोठवर पोहोचते? दावीद राजा देवभक्त होता, स्तोत्रकर्ता होता. उरियाचा घात केल्यावर तो स्वस्थपणे राज्य करीत राहिला. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगताच त्याचा संताप उफाळला. दुसऱ्याचा अन्याय त्याला तत्काळ दिसला. तो माणूस तूच आहेस, हे मात्र त्याला नाथानकडून ऐकावे लागले. संत पौलानेही करिंथकरांना कळवले की, माझे मन मला दोष देत नसले तरी तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही; निवाडा करणारा प्रभू आहे.

ही चूक दोन्ही बाजूंनी होते. माझ्या परिचयाचे एक वृद्ध धर्मशिक्षक होते. खेडोपाडी सायकलवरून फिरून त्यांनी मुलांना प्रार्थना शिकवल्या. भेटले की म्हणत, "फादर, माझ्या हातून काहीच झालं नाही." त्यांच्या अंत्यविधीला आसपासच्या खेड्यांतून माणसे आली. एक विधवा बाई मला म्हणाली, "मालक गेले तेव्हा मास्तरांनी शिकवलेली प्रार्थना तेवढी जवळ होती, फादर. तिच्यावर दिवस काढले." मास्तरांच्या हिशेबात ही जमा कधी लिहिलीच गेली नव्हती. त्यांच्या हयातीत कोणी ती त्यांना वाचून दाखवली असती तर!

जवळच्या माणसाची नजर किती खरी आणि किती प्रेमळ असू शकते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त दिसते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा शीघ्रकोप, न सांगता घराबाहेर पडणे, हातात पैसा न टिकणे, हे सारे त्यांनी लिहिले. पण वाचकाच्या मनातील टिळक त्यामुळे लहान होत नाहीत. आपल्या पुढाऱ्यांना अशी माणसे हवीत. स्तुतिपाठक पुष्कळ मिळतात, निंदकही मिळतात. प्रेमाने खरे सांगणारा दुर्मीळ.

ख्रिस्तसभेने हे शहाणपण संस्कारातच गुंफले आहे. प्रायश्चित्त संस्कारात धर्मगुरू हजारोंना पापमुक्ती देतो, पण स्वतःला देऊ शकत नाही. त्याला दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकावे लागतात. परमगुरूंनाही यातून सूट नाही. जेथे हे शहाणपण कारभारात विसरले गेले, तेथे काय घडले हे आपण जाणतो. मुलांवर अत्याचार झाले आणि निवाडा आपसांतच उरकला गेला. म्हणूनच 2019 साली पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार नोंदवण्याची सहज उपलब्ध अशी व्यवस्था असावी, असा आदेश दिला. ऑक्टोबर 2024मध्ये रोम येथील सिनडच्या अंतिम दस्तऐवजानेही सेवाकार्याचे नियमित मूल्यमापन व्हावे असे म्हटले आहे.

तेव्हा धर्मगुरू असो, सिस्टर असो, पाळकीय मंडळाचा सभासद असो वा युवक संघाचा प्रमुख, रात्री आत्मपरीक्षण जरूर करावे. परंतु वर्षातून एकदा तरी तीन माणसांना विचारावे: जो आपल्या हाताखाली काम करतो त्याला, जो आपल्याशी असहमत असतो त्याला आणि जो गप्प राहून मागच्या बाकावर बसतो त्याला. उत्तर मिळेपर्यंत थांबावे आणि मध्येच खुलासा करू नये. प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणाला असा प्रश्न विचारला गेला, तर संकोच करू नका. खरे सांगा, आणि जे चांगले दिसले तेही आवर्जून सांगा.