रक्तातला वारसा

गेल्या दीपावलीत वहीपूजन आटोपल्यावर, मुंबईस जीवशास्त्र शिकणारी माझी कन्या एका उंदरासारख्या प्राण्याची हकीकत सांगत बसली होती. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील हा प्रेअरी व्होल. एकदा जोडी जमली की नर-मादी बहुधा एकत्रच राहतात, पिल्लेही मिळून वाढवतात. त्याचाच भाऊबंद मेडो व्होल मात्र संग झाला की आपल्या वाटेने निघून जातो. व्हॅसोप्रेसिन नामक संप्रेरकाचा संदेश घेणारे ग्राही पहिल्याच्या मेंदूतील एका भागात दाट असतात, दुसऱ्याच्या विरळ. २००४ साली शास्त्रज्ञांनी त्या ग्राहीचे जनुक मेडो व्होल नरांच्या मेंदूत पोचवले, आणि ते भटके नर आपल्या जोडीदारिणीस बिलगून बसू लागले!

मंडळी हसली. माझी धाकटी भावजय हसली नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझा भाऊ तिला व मुलाला सोडून दुसरीकडे राहावयास गेला. "माझा स्वभावच असा, त्याला मी काय करू?" एवढेच तो म्हणाला होता. तेव्हापासून पेढीची रोकडवही तीच लिहिते.

"दादा, म्हणजे त्यांचे म्हणणे खरे होते का?" तिने विचारले.

कन्या जरा वरमली. माणसांतही असा शोध झाला आहे, ती म्हणाली. स्वीडनमध्ये जुळी भावंडे व त्यांचे जोडीदार यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याच जनुकाच्या एका प्रकाराच्या दोन प्रती असलेल्या पुरुषांपैकी ३४ टक्क्यांनी वर्षभरात संसार मोडण्याची धास्ती किंवा तसा पेच आल्याचे सांगितले. एकही प्रत नसलेल्यांत १५ टक्क्यांनी.

मी व्यापारी माणूस, जमेबरोबर नावेची बाजूही पाहतो. शंभरांतील सहासष्टांवर ती वेळ आलीच नाही, आणि जनुक नसूनही पंधरांवर आली. शिवाय प्रेअरी व्होलच्या पिल्लांतही काहींचा बाप शेजारचा निघतो, हे कन्येनेच कबूल केले. २००३ नव्हे, अगदी अलीकडे २०२३ साली ऑक्सिटोसिनचे ग्राहीच काढून टाकलेल्या व्होलांनीही जोड्या जमवल्या. गृहस्थासाठी स्वदारसंतोषाचे अणुव्रत सांगितले गेले, ते मन चळते हे जाणूनच. आपोआप घडणाऱ्या गोष्टीचे व्रत कोण घेईल? माझ्या भावाने ते घेतले होते, माझ्यादेखत.

हे सारे मी बोललो. तिने ऐकून घेतले, मग हळूच म्हणाली, "मी त्यांच्याकरिता विचारलेच नव्हते."

पुढील महिन्यात तिच्या मुलासाठी स्थळाकडची मंडळी येणार होती. बायोडेटात वडिलांच्या नावापुढे काय लिहावे, यावर घरात दोनदा खल झाला होता. तो दाराशी उभा राहून सारे ऐकत होता, हे आम्हा कोणाच्याच ध्यानी आले नव्हते.

"काका," तो म्हणाला, "वडिलांचे जे आहे ते मीच त्यांना सांगेन. आईने सांगावयाचे नाही."

भावजयीने वही मिटली व ती पानसुपारीचे तबक आणावयास आत गेली.