झाडावरचं पाणी

पावसाळ्यात आंबोलीला रात्रीचे जे लोक विजेऱ्या आणि कॅमेरे घेऊन डबक्यांभोवती जमतात, त्यातले बरेचसे एकाच बेडकासाठी आलेले असतात: मलबार ग्लायडिंग फ्रॉग. हिरवागार, मादी दहा सेंटिमीटरपर्यंत, बोटांमधले पडदे केशरी-लाल. उंच फांदीवरून झेप घेतली की हे पडदे ताणून तो नऊ-दहा मीटर तिरका तरंगत जातो. देखणा आहे, यात वाद नाही. राग येतो तो त्याला उचलून सोयीच्या पानावर बसवणाऱ्यांचा. बेडूक कातडीनंही श्वास घेतो, आणि आपले हात डासांच्या मलमानं माखलेले असतात.

पण मला त्याचं उडणं दुय्यम वाटतं. तरंगत खाली येणं सोपं. वर राहणं कठीण. बेडूक हा मुळात ओल्या कातडीचा प्राणी. ती उघड्या हवेत सुकत जाते, अंड्यांना कवच नाही, पिल्लांना कल्ले असतात. अशा प्राण्यानं झाडावर जायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न चढण्याचा नाहीच. पाण्याचं काय करायचं, हा आहे.

चढण्याचं कोडं त्यानं झकास सोडवलंय. बोटाच्या टोकाला गोल गादी असते, गादीवर षटकोनी पेशींची फरसबंदी, आणि पेशींमधल्या बारीक चरांतून पाझरणारा पातळ चिकट द्रव. या ओलाव्याच्या पापुद्र्यावर बेडूक गुळगुळीत काचेलाही धरून राहतो. सोडताना गादी मागच्या कडेपासून सोलत उचलतो, म्हणून झटका लागत नाही. अशाच गाद्या दक्षिण अमेरिकेतल्या झाडबेडकांनाही आहेत, आणि त्यांचं कूळ पूर्ण वेगळं. दोघांनी आपापल्या परीनं शोधलेला तोच उपाय. म्हणजे चिकटून राहायलाही पाणीच लागलं, थोडंसं का होईना.

कोकणातल्या घरांत मोरीच्या भिंतीवर हातपाय पोटाशी घेऊन जो तपकिरी बेडूक दिवसभर बसलेला असतो, तोही झाडबेडूकच. घरातली मुलं किंचाळतात, आजी त्याला हुसकूही देत नाही. तो आळशी नव्हे, काटकसरी आहे: अंग जितकं आवळलेलं, तितकं पाणी कमी उडतं. शिवाय तो कातडीतून पाझरणारा स्निग्ध थर पायांनी अंगभर पुसून घेतो. तेलमालीश करून बसलेला बेडूक ही कल्पना मला फार आवडते.

अंड्यांचं मात्र असं भागत नाही. ग्लायडिंग फ्रॉगची मादी पाण्यावर झुकलेल्या पानांत एक द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो ताक घुसळावं तसा घुसळून त्याचा फेस करते. नर पाठीवर असतो. अंडी फेसात. बाहेरचा थर वाळून कडक होतो, आतला ओला राहतो. काही दिवसांनी फेस सैल पडतो आणि शेपटीवाली पिल्लं खालच्या पाण्यात टपाटप पडतात. खाली पाणी हवं, हा हिशेब आईनं आधीच केलेला. तिला डबकंच लागतं असं नाही, सिमेंटची टाकीही चालते.

ईशान्येतल्या एका बेडकीला एवढंही पटलं नाही. दार्जिलिंगकडून १८७० साली मिळालेले नमुने सोडले, तर ती हरवल्यातच जमा होती. २०१६ साली तिचा पुन्हा पत्ता लागल्याचं जाहीर झालं तेव्हा कळलं की तिची पिल्लं झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढतात आणि त्यांच्या पोटात बेडकाचीच अंडी सापडतात. ढोलीत खायला काही नसतं, म्हणून आईच त्यांच्यासाठी अंडी घालते. डबकं झाडावर नेलं, तर खाणंही वर न्यावं लागतं.

सह्याद्रीतल्या बुश फ्रॉगनी डबक्यालाच फाटा दिला. हे इवलेसे, त्यातले बरेच दोन-अडीच सेंटिमीटरचे. पाऊस थांबला की झुडपांतून जी ‘टिक टिक’ सुरू होते ती यांची; आवाज कानाशी, बेडूक मात्र विजेरीला सापडत नाही. यांची अंडी ओल्या पाचोळ्यात, मातीत किंवा पानावर. पिल्लाचं शेपटीचं सगळं बालपण अंड्याच्या आतच उरकतं आणि बाहेर पडतो तो पुरता बेडूक, तांदळाच्या दाण्याएवढा. बेडकांचे अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या सन्मानार्थ २०१० साली या वंशाला ‘राओर्चेस्टेस’ नाव मिळालं, आणि त्यातल्या साठहून अधिक जाती आज माहीत आहेत. उत्तर सह्याद्रीतल्या एकीला २०१३ साली पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांचं नाव दिलं गेलं. तळं नको असल्यानं यांना डोंगरमाथेही मोकळे झाले. डोंगरागणिक बेडूक वेगळा, कारण मधली कोरडी दरी ओलांडणं त्यांना जमत नाही. पाणी सोडणाऱ्यानं ओल मात्र सोडलेली नाही.

यांच्यातला माझा लाडका दक्षिण टोकाकडचा, राओर्चेस्टेस चलाझोडेस. बोरूसारख्या बारीक बांबूच्या पोकळ पेरात तो राहतो. किड्यांनी किंवा उंदरांनी पाडलेली काही मिलिमीटरची चीर हेच दार. आत शिरताना अंग अक्षरशः पिळून घ्यावं लागतं. नर आतून हाक देतो, मादी येते, मोजकी पाच-सात अंडी घालते आणि निघून जाते. पुढे सगळं बापाकडे. तो संध्याकाळी थोडा वेळ खायला बाहेर पडतो तेवढाच, एरवी अंड्यांपाशी. अभ्यासकांनी बाप दूर केला, तर अंडी गिळायला आले ते त्याच जातीचे दुसरे नर! पेराची जागा त्यांनाही हवी असते.

हा बांबू कागदासाठी आणि चटया-टोपल्यांसाठी तोडला जातो. तोडायला हरकत नाही, लोकांची पोटं त्यावर आहेत. पण पावसाळ्यातली तोड टाळली, आणि चीर पडलेल्या पेरांचे काही बांबू बेटात उभे ठेवले, तर बापाला पुढच्या जूनमध्ये घर शोधत हिंडावं लागणार नाही.