वादळाला पाठ कधी द्यावी?

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. पाण्याचा मोठा पसारा म्हणजे सिंदफणेवरचं माजलगाव धरण. तरी इथला पाऊस ज्या हिंदी महासागराकडून येतो, त्याच्या दक्षिण टोकाची एक गोष्ट बीडच्या माणसाला रुखरुख लावून जाते.

२१ सप्टेंबर २०१८. एकट्याने शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नाविक अभिलाष टॉमी 'थुरिया' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नावेवर एकटे होते. वादळात नाव उलटली, डोलकाठी मोडली, मणक्याला जबर मार बसला. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवलं.

अशा वेळी करायचं तरी काय?

मार्ग मोजकेच. शिडं आखडायची, पुढचं शीड उलट्या बाजूला ताणायचं, सुकाणू असं बांधायचं की नाव वाऱ्याकडे वळू पाहील. मग ती जवळजवळ जागीच डुलत राहते. नाहीतर वाऱ्याला पाठ देऊन पळायचं आणि मागे दोरखंड किंवा कापडी शंकूंची माळ सोडून वेग आवरायचा. पळायला मोकळा समुद्र हवा, म्हणून जाणता नाविक वादळात किनाऱ्यापासून दूरच राहतो. खरा घात होतो तो लाटेला बाजू दिल्यावर: नावेच्या लांबीच्या साठ टक्के उंचीची फुटती लाट बाजूने आदळली, तर जवळपास कुठलीही नाव उलटते.

एवढं सोसूनही माणूस पुन्हा का जातो, हे कोरडवाहू शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पाठीत धातूच्या सळया घेऊन टॉमी २०२२ मध्ये त्याच शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले.